एसएन-१ की एसएन-२? व्हिडिओ बघून शिकताना या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसणारी मुलगी शंका घेऊन माझ्याकडे आली. मूळची जुन्नरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्ससाठी पुण्यात. वहीत न्यूक्लिओफिलिक सब्स्टिट्यूशनवरच्या नऊ व्हिडिओंच्या नोट्स होत्या, चार रंगांच्या पेनांनी काढलेल्या. (या अभिक्रियेत रेणूतला एक गट बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन येणारा न्यूक्लिओफाइल त्याची जागा घेतो. तिचे दोन मार्ग: एसएन-१ आणि एसएन-२.) "मॅडम, बघताना सगळं कळतं. पेपर समोर आला की काहीच सुचत नाही."

मी तिला एकच प्रश्न घातला. २-ब्रोमो-२-मिथाइलप्रोपेनचं जलीय सोडियम हायड्रॉक्साइडने जलविघटन चाललंय. हायड्रॉक्साइडचं प्रमाण दुप्पट केलं तर वेगाचं काय होईल? "दुप्पट होईल," ती लगेच म्हणाली. मग विचारलं, हे टर्शरी हॅलाइड (हॅलोजनचा कार्बन आणखी तीन कार्बनांना जोडलेला) कुठल्या मार्गाने जातं? "एसएन-१." एसएन-१ चं वेगाचं समीकरण? तेही पाठ होतं, आणि त्यात हायड्रॉक्साइड कुठेच नव्हतं. तीन बरोबर गोष्टी डोक्यात होत्या, पण एकीची दुसरीशी ओळख नव्हती. पुस्तकाच्या हिशेबाने वेग तेवढाच राहतो. (खऱ्या फ्लास्कमध्ये एवढ्या तीव्र बेसबरोबर एलिमिनेशनही, म्हणजे गट निघून दुहेरी बंध तयार होणंही, होतं, पण बारावीच्या प्रश्नात ते गृहीत धरत नाहीत.)

व्हिडिओच्या नावातच उत्तर असतं

यात मुलीचा दोष थोडा आणि व्हिडिओच्या रचनेचा जास्त, असं माझं मत आहे. एक व्हिडिओ एसएन-१ चा, दुसरा एसएन-२ चा. नाव वाचलं की पुढची वीस मिनिटं कुठला मार्ग हे ठरवायचंच उरत नाही. शिकवणारा ते आधीच ठरवून बसलेला असतो, आपण फक्त बाण कुठून कुठे गेला ते बघतो. परीक्षेत नेमकं उलटं असतं. अभिक्रिया समोर येते आणि मार्ग आपण ओळखायचा असतो. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. ज्या एका गोष्टीचा सराव हवा, तीच व्हिडिओत कधी होत नाही.

यावर उपाय चिठ्ठ्यांचा. अप्पा बळवंत चौकातून जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच आणा, त्यातले हॅलोअल्केनचे वीस-पंचवीस प्रश्न पाठकोऱ्या कागदांवर एकेक उतरवा आणि पत्त्यांसारखे पिसा. चिठ्ठी उचलली की प्रॉडक्ट लिहायचं नाही. आधी चार गोष्टी: हॅलोजन कुठल्या कार्बनवर आहे, बाहेर पडणारा गट कोणता, येणारा न्यूक्लिओफाइल किती जोरकस, सॉल्व्हंट कोणता. मग मार्ग. पहिल्या दिवशी निम्म्या चुकतील, चुकू द्या.

एक आणि दोन हे पायऱ्यांचे आकडे नव्हेत

ही चूक मी दर वर्षी बघते. एसएन-१ म्हणजे एक पायरी, एसएन-२ म्हणजे दोन पायऱ्या, असं मुलं मनात धरतात. खरं तर एसएन-२ एकाच पायरीत होते आणि एसएन-१ ला निदान दोन लागतात. आकडा सांगतो तो वेग ठरवणाऱ्या पायरीत किती कण गुंतलेत ते. दीडपट-दुप्पट वेगाने व्हिडिओ बघताना हे वाक्य पाच सेकंदांत निघून जातं, आणि पुढचं सगळं त्यावर उभं असतं.

मी पीएमटीच्या बसचं उदाहरण देते (पीएमपीएमएल म्हणायचं असतं, पण कोण म्हणतं). स्वारगेटला खचाखच भरलेल्या बसमध्ये एक जण आपणहून उतरतो, जागा रिकामी होते, मग स्टॉपवरचा कोणीतरी चढतो. चढणाऱ्याला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो उतरणाऱ्याला. स्टॉपवर दहा माणसं असोत की शंभर, जागा होण्याचा वेग तोच. ही झाली एसएन-१. एसएन-२ मध्ये मागच्या दाराने चढणारा रेटा देतो आणि त्याच क्षणी पुढच्या दाराने दुसरा बाहेर पडतो. इथे रेटा देणारे वाढले की वेग वाढणारच. आणि मागच्या दाराशी तीन धिप्पाड माणसं अडून उभी असतील तर रेट्याचा उपयोग नाही. टर्शरी कार्बनवर एसएन-२ होत नाही ती याच कारणाने.

प्रायमरी दिसलं की एसएन-२ लिहून मोकळं होणं

प्रायमरी म्हणजे हॅलोजनचा कार्बन एकाच कार्बनला जोडलेला. नियम बरोबर आहे, पण अर्धा. त्या कार्बनच्या शेजाऱ्याकडेही बघायला हवं. निओपेंटाइल ब्रोमाइड, म्हणजे १-ब्रोमो-२,२-डायमिथाइलप्रोपेन, नावापुरतं प्रायमरी. शेजारच्या कार्बनवर तीन मिथाइल गट वाट अडवून असतात, त्यामुळे इथाइल ब्रोमाइडच्या तुलनेत त्याची एसएन-२ साधारण लाखपट मंद होते. उलट बेंझाइल आणि अलाइल हॅलाइड दोन्ही मार्गांनी खुशाल जातात: वाटही मोकळी असते आणि कार्बोकॅटायन (धन भाराचा कार्बन) झालाच तर त्याला रेझोनन्सचा, म्हणजे भार अनेक अणूंवर पसरण्याचा, आधार मिळतो.

बेंझाइल क्लोराइड आणि क्लोरोबेंझिन यांत गोंधळ करू नका. क्लोरोबेंझिनमध्ये क्लोरीन थेट रिंगच्या कार्बनवर आहे. तो बंध रेझोनन्समुळे आखूड आणि बळकट, आणि मागून शिरायला वाट नाही कारण मागे रिंगच आहे. त्याचं फिनॉल करायला सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर ६२३ केल्विन तापमान आणि ३०० अॅटमॉस्फिअर दाब लागतो. पॅरा (क्लोरीनच्या समोरच्या) जागी एक नायट्रो गट बसवला की ४४३ केल्विन, ऑर्थोलाही (शेजारच्या जागी) दुसरा दिला की ३६८, आणि तीन नायट्रो असले तर कोमट पाणी पुरतं. हे आकडे पाठ असतात, कारण विचारलं की शांतता. नायट्रो गट रिंगवर आलेला ऋण भार स्वतःकडे ओढून घेतो, आणि तो ऑर्थो किंवा पॅरा जागी असेल तरच. मेटाला बसवून तसा फायदा मिळत नाही. मार्ग वेगळा आहे, हे एसएन-२ नव्हे.

इन्व्हर्जन झालं म्हणजे आर चं एस झालं?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण अॅनिमेशन इथेच सगळ्यात जास्त फसवतं. एसएन-२ मध्ये कार्बनभोवतीची मांडणी उलटते, तेच इन्व्हर्जन; पडद्यावर त्यासाठी वाऱ्याने छत्री उलटते आणि आपल्याला वाटतं कळलं. लकडी पुलावर जुलैत खरी छत्री उलटलेली सगळ्यांनी पाहिलीय. पण छत्रीच्या काड्यांवर प्राधान्यक्रम (अणुक्रमांक मोठा तो आधी) लिहिलेले नसतात, आणि आर-एस, म्हणजे चार गटांच्या उजव्या-डाव्या मांडणीचं नाव, ठरतं ते त्या क्रमावरून.

स्वयंपाकघरात जा. कणकेचा सुपारीएवढा गोळा घ्या, त्यात चार टूथपिक खोचा आणि टोकांना मटार, फुटाणा, शेंगदाणा, बेदाणा लावा. आई काही बोलली तर अभ्यास चाललाय म्हणा, खोटं नाही. मटार म्हणजे ब्रोमीन. मटार काढा आणि बरोबर विरुद्ध बाजूने मनुका खोचा. बाकीच्या तीन काड्या मटार होता त्या बाजूला वळवा. आता जुनी आणि नवी मांडणी शेजारी ठेवून प्राधान्यक्रम लावा.

आर मांडणीच्या २-ब्रोमोब्यूटेनवर हायड्रॉक्साइड आला की एस ब्यूटेन-२-ऑल मिळतं, कारण ब्रोमीनच्या जागी आलेला ऑक्सिजनही पहिल्याच क्रमांकावर राहतो. आता २-ब्रोमो-१-मेथॉक्सिप्रोपेन घ्या आणि सायनाइड आणा. आधी ब्रोमीन पहिला, मेथॉक्सिमिथाइल दुसरा. नंतर मेथॉक्सिमिथाइल पहिला आणि सायनाइडचा कार्बन दुसरा, कारण ऑक्सिजनचा अणुक्रमांक नायट्रोजनपेक्षा मोठा. मांडणी उलटली, क्रमही उलटला, अक्षर तेच राहिलं. इन्व्हर्जन झालंच आहे, नावात दिसत नाही एवढंच. अधिक-उणे चिन्हाचा (पदार्थ ध्रुवित प्रकाश कुठल्या बाजूला वळवतो त्याचा) तर याच्याशी काहीच संबंध नाही, ते पोलरीमीटरवर मोजून कळतं.

पॉल वाल्डेनने १८९६ मध्ये मॅलिक आम्ल क्लोरोसक्सिनिक आम्लात नेऊन परत आणलं, तेव्हा निघाला उणे चिन्हाच्या आम्लापासून आणि पोचला अधिक चिन्हाच्या आम्लाला. कुठल्या पायरीला उलटापालट झाली हे चिन्हावरून सांगता येईना. १९३५ मध्ये ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २-आयोडोऑक्टेनवर किरणोत्सारी आयोडाइड वापरून बघितलं: रेसिमायझेशनचा (दोन्ही मांडण्या समसमान होत जाण्याचा) वेग आयोडीनच्या अदलाबदलीच्या वेगाच्या बरोबर दुप्पट निघाला. म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत इन्व्हर्जन होत होतं. हे दुप्पट का, ते कागदावर स्वतः काढून बघा. एका उलटलेल्या रेणूने एक सरळ रेणू निष्प्रभ होतो, हा धागा.

पाठच करा, पण कारणासकट

जलीय पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अल्कोहोल, अल्कोहोलमधल्याने अल्कीन: पाण्यात हायड्रॉक्साइडभोवती पाण्याचे रेणू जमतात आणि त्याचं बेसपण बोथट होतं, अल्कोहोलमध्ये इथॉक्साइड तयार होऊन प्रोटॉनच ओढला जातो. पोटॅशियम सायनाइडने नायट्राइल, सिल्व्हर सायनाइडने आयसोसायनाइड: सिल्व्हरमध्ये कार्बनचं टोक बंधात गुंतलेलं, म्हणून नायट्रोजन हल्ला करतो. नायट्राइटमध्ये तोच डाव, फक्त टोकं ऑक्सिजन आणि नायट्रोजन.

आयोडाइड चांगला न्यूक्लिओफाइलही आहे आणि चांगला बाहेर पडणारा गटही. दोन्ही कसं, असं मुलं विचारतात आणि त्यांना वाटतं यातलं एक खोटं असणार. खोटं नाही, दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय पाणी किंवा अल्कोहोलसारख्या प्रोटिक (हायड्रोजन बंध देणाऱ्या) सॉल्व्हंटमध्ये न्यूक्लिओफाइल म्हणून आयोडाइड फ्लुओराइडच्या पुढे असतो, तर डीएमएसओसारख्या अप्रोटिक (तसा बंध न देणाऱ्या) सॉल्व्हंटमध्ये क्रम उलटतो. परदेशी व्हिडिओत डीएमएसओ आणि आपल्या पुस्तकात जलीय द्रावण असेल तर दोघांचे क्रम जुळणार नाहीत. कोणीही चुकलेलं नसतं.

बाणांचं थोडक्यात: बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो, ती जिथे जाते तिथे संपतो. धन भारापासून बाण काढलेला दिसला की मी वही परत देते. मराठीत न्यूक्लिओफाइलला केंद्रकस्नेही म्हणतात, तो शब्द इंग्रजीपेक्षा मला आवडतो. कोण कोणाकडे जाणार हे त्यातच आलं.

जानेवारीत ती मुलगी पुन्हा आली. चिठ्ठ्या पिसल्या, एक उचलली: २-ब्रोमोब्यूटेन आणि मिथेनॉल, मार्ग सांगा. "एसएन-१. सेकंडरी आहे, न्यूक्लिओफाइल दुबळा आहे, सॉल्व्हंट प्रोटिक." पुढची चिठ्ठी मी मुद्दाम अर्धवट लिहिली होती, नुसतं २-ब्रोमोब्यूटेन आणि सब्स्टिट्यूशन. बराच वेळ तिने कागदाकडे बघितलं, मागेही वळवून पाहिला.

"मॅडम, न्यूक्लिओफाइल आणि सॉल्व्हंट दिलाच नाहीये. हे कसं सांगणार?"

मी ती चिठ्ठी बरोबरच्या ढिगात टाकली.