आडव्या बाटलीला मत कसं मागायचं

समाजकार्याची पदवी घेऊन मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात दारूबंदीच्या मतदानाच्या प्रचाराला गेले, तेव्हा पत्रक लिहिण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. का, तर माझं अक्षर चांगलं आणि भाषा शुद्ध. पत्रकाचा मथळा होता, ‘दारू : समाजाला लागलेली कीड’. दुसऱ्या दिवशी एका घरी गेले तर तेच पत्रक भाकरीच्या टोपल्यात तळाशी अंथरलेलं. बाई शांतपणे म्हणाली, “ताई, माझा मालक पितो. मग तो कीड हाय का?”

नुकतेच या कामात येणाऱ्यांसाठी लिहायला बसले की मला आधी ते टोपलं आठवतं. आमचं पत्रक आमच्यासारख्यांना पटणारं होतं. ते आधीच आमच्या बाजूचे होते. जिचं मत हवं होतं, तिच्या घरच्या माणसाला मात्र आम्ही शिवी दिली होती.

ज्यांना हे मतदान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात गावातलं परवानाधारक दारूचं दुकान बंद करायची मागणी किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण झालेल्या मतदानातलं बहुमत पुरत नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला लागतात. यादीत १,००० बायका असतील तर ५०१ हव्यात. घरी बसलेली प्रत्येक बाई म्हणजे उभ्या बाटलीचं मत.

हा हिशोब डोक्यात बसला आणि प्रचाराची दिशाच बदलली. ‘दारू वाईट’ हे कुणाला पटवायचं नव्हतंच. ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. शेताची खुरपणी सोडून ती त्या दिवशी शाळेतल्या केंद्रापर्यंत येईल का, एवढाच प्रश्न होता. मग आम्ही पत्रकं ठेवून दिली आणि वस्तीवस्तीवर नुसतं विचारत बसलो : दुकानाचा त्रास नेमका कधी होतो? मजुरीवर जाणाऱ्या म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी, हातात पैसे येतात तेव्हा. कॉलेजला जाणाऱ्या मुली म्हणाल्या, संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर, कारण थांबा दुकानासमोरच. म्हाताऱ्यांचं तिसरंच : लेक सुनेला मारतो आणि गाव नाव आईला ठेवतं. मागणी एकच, पण तीन वस्त्यांवर आम्ही तीन वेगळ्या वाक्यांनी बोलायला लागलो, आणि ती वाक्यं त्यांचीच होती. यात लबाडी नाही का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. माझं उत्तर : एका वस्तीत दिलेलं वचन दुसऱ्या वस्तीत फिरवलं तर लबाडी. कारणं निरनिराळी असायला काय हरकत आहे?

बाटलीच्या चित्राचाही घोळ झाला. उभं म्हणजे चांगलं, आडवं म्हणजे पडलेलं, अशी मनाची सवय. अंगणवाडीच्या ओट्यावर सांगून सांगून मी थकले, तेव्हा बचत गटातल्या एका आजींनी घरून तेलाची रिकामी बाटली आणली, ओट्यावर उभी ठेवली आणि एका बोटानं पाडली. “अशी पाडायची.” पुढच्या सगळ्या बैठकांना ती बाटली आमच्यासोबत होती. बोलायला आजी, मी मागे.

सगळ्यात महागात पडलेली चूक वेगळी. समोरून आवई उठली की दुकान गेलं तर हातभट्टी येईल. मी तावातावानं पत्रक काढलं, मथळा ‘हातभट्टी येईल का?’ झालं! पारावर चार दिवस हातभट्टीशिवाय दुसरा विषय नाही. विरोधकांचं वाक्य मी स्वतःच्या खर्चानं छापून वाटलं होतं. बरं, तो मुद्दा खोटा म्हणून झटकता येण्यासारखाही नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवताना सरकारनं अवैध दारूचंच कारण पुढे केलं. त्यामुळे नंतर कुणी विचारलं तर आम्ही धोका मान्य करायचो, कुणाकडे तक्रार करायची ते सांगायचो आणि थांब्यासमोरच्या दुकानाच्या मुद्द्यावर परत यायचो.

शब्दांची निवड किती लांबवर जाते हे पाहायचं तर जादूटोणाविरोधी कायदा बघा. २०१३ च्या त्या कायद्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अमानुष आणि अघोरी प्रथा आहेत, ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. अंधश्रद्धा म्हटलं की माळकरी माणूस विचारणार, माझी वारी त्यात बसते का? वारकऱ्यांचा विरोध झालाही. कायद्यात मग यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नरबळीच्या बाजूनं मात्र उघडपणे कोण उभं राहणार? काही जुन्या कार्यकर्त्यांना ही तडजोड वाटते. मला नाही वाटत.

आमच्या गावाचा निकाल सांगायचा राहिला. मोजणीत आडव्या बाटलीचा गठ्ठा उभ्याच्या कितीतरी वर गेला, आणि दुकान राहिलं. निम्म्याचा आकडा गाठलाच नाही. यादीतली तांड्या-वस्त्यांची दोन अख्खी पानं कोरी होती, कारण मतदान ऐन ऊसतोडीच्या हंगामात आलं आणि तिथल्या बायका कोयता घेऊन कारखान्यांवर गेलेल्या. सह्या गोळा केल्या तेव्हा त्या गावात होत्या, सगळ्यात जास्त चिडलेल्याही त्याच होत्या. रात्री त्यांच्यातल्या एकीचा फडावरून फोन आला, “पाडली का ताई बाटली?”

तुमचं गाव ऊसतोडीचं असेल तर अर्ज देण्याआधी तोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला गाठा आणि गाड्या परत कधी येतात ते विचारून घ्या.