काँट्रॅक्ट नोट उघडा: ब्रोकर कशाचे किती घेतो

शेअरचा सौदा झाला की २४ तासांत काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेलं सौद्याचं बिल, ईमेलवर येते. पासवर्ड बहुधा तुमचा पॅन. ती न उघडता सब-ब्रोकरच्या तोंडी हिशोबावर राहू नका.

समजा ५०० रुपयांचे १०० शेअर डिलिव्हरीत, म्हणजे त्याच दिवशी न विकता खात्यात ठेवायला, घेतले. सौदा ५०,००० चा. दलाली ०.३० टक्के ठरली असेल तर १५० रुपये. एसटीटी (शेअर सौद्यावरचा सरकारी कर) ०.१ टक्का, म्हणजे ५०. स्टँप ड्यूटी ०.०१५ टक्के, साडेसात रुपये. एक्स्चेंजचं शुल्क दीड रुपयाच्या आसपास, बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीचं पाच पैसे. दलाली आणि या दोन शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, साधारण सव्वासत्तावीस. एकूण २३६ च्या घरात. त्यात ब्रोकरचे १५०च. एसटीटी आणि स्टँप ड्यूटीवर जीएसटी लागत नाही, तो लावला असेल तर विचारा.

स्टँप ड्यूटी खरेदीदाराच्या राज्याला जाते. पत्ता निपाणीचा तर कर्नाटकाला, कागलचा तर महाराष्ट्राला. दर मात्र १ जुलै २०२० पासून देशभर एकच. जीएसटीचंही तसंच: निपाणीच्या ग्राहकाला, ब्रोकरची नोंदणी मुंबईची असेल तर आयजीएसटी (दोन राज्यांमधला जीएसटी) १८ टक्के दिसेल, बंगळूरची असेल तर केंद्र आणि राज्याचे ९-९ चे दोन भाग. रक्कम तीच.

खरी गोम किमान दलालीत असते. ऑर्डरमागे किमान ३० रुपये ठरले असतील, तर २,००० च्या खरेदीवर ती दीड टक्का पडते. खातं उघडताना दरपत्रकात हा आकडा आधी शोधा.

विकताना डीपी चार्ज, म्हणजे डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क, वेगळा. तो काँट्रॅक्ट नोटवर बहुधा नसतो, लेजरमध्ये (ब्रोकरकडच्या तुमच्या खातेउताऱ्यात) कापला जातो, आणि शेअर किती यावर नव्हे तर दर कंपनीमागे, दर दिवशी. तेच शेअर चार दिवसांत थोडे थोडे विकले, तर चार वेळा.

गावातला सब-ब्रोकर कागदोपत्री ‘ऑथोराइज्ड पर्सन’. त्याला ब्रोकरच्या दलालीतला वाटा मिळतो, म्हणजे तुम्ही जितके सौदे कराल तितकी त्याची कमाई. ‘आज हे विका, ते घ्या’ ऐकताना हे लक्षात असू द्या. ओळखीचा असला तरी त्याच्या नावावर किंवा त्याच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकायचा नाही. पैसे थेट ब्रोकरच्या क्लायंट खात्यात, तेही तुमच्या बँक खात्यातूनच.

न सांगता केलेला सौदा दिसला तर त्याच दिवशी ब्रोकरला ईमेल करा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही. दाद लागली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा, काँट्रॅक्ट नोट आणि लेजर जोडून. ब्रोकरला उत्तरासाठी २१ दिवस मिळतात.