कांद्याची आवक आणि भाव एकाच चार्टमध्ये

कांद्याचा भाव विचारणारा माणूस नुसत्या भावावर थांबत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: आवक किती? म्हणून लासलगावसारख्या बाजार समितीचे आकडे वेब ॲपमध्ये दाखवताना मी दोन्ही एकाच चौकटीत घेतो. आवक स्तंभांत, क्विंटलमध्ये. सर्वसाधारण दर रेषेत, रुपये प्रति क्विंटल.

चार्टजेएस या चार्ट काढणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत प्रत्येक डेटासेटला (आकड्यांच्या संचाला) स्वतंत्र ‘टाइप’ देता येतो. आवकेला ‘बार’, दराला ‘लाइन’ द्या आणि ‘वाय-ॲक्सिस-आयडी’ वापरून आवक डाव्या अक्षाला, दर उजव्या अक्षाला जोडा. उजव्या अक्षाच्या ग्रिडमध्ये ‘ड्रॉ-ऑन-चार्ट-एरिया’ फॉल्स करा, नाहीतर आडव्या रेघांची दुहेरी जाळी होते. आवकेचा ‘ऑर्डर’ दरापेक्षा मोठा ठेवला की स्तंभ रेषेच्या मागे जातात. नेटवरच्या ज्या उदाहरणांत अक्षांची यादी चौकटी कंसात दिसेल ती २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीआधीची. तिकडे वळूच नका.

आवकेचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा, कारण स्तंभाची उंची म्हणजेच आवकेचा आकडा. दराच्या रेषेला ती सक्ती नाही.

खरी गोम बंद दिवसांत आहे. सुट्टीला लिलाव होत नाही. त्या दिवशी आवक शून्य लिहिली तर ते खरंच आहे. पण भाव शून्य नव्हता, तो निघालाच नाही. दराच्या जागी ० टाकलंत तर रेषा तळाला आपटते आणि पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. तिथे ‘नल’ (म्हणजे ‘आकडा नाही’) द्या, रेषा आपोआप तुटेल. अशी मधेच तुटलेली रेषा नको असेल तर ‘स्पॅन-गॅप्स’ ट्रू करा आणि ‘सेगमेंट’मधल्या ‘बॉर्डर-डॅश’ला फंक्शन द्या: रेषेच्या तुकड्याच्या दोन टोकांपैकी एका बिंदूचं ‘स्किप’ ट्रू असेल तर [६, ६], एरवी अनडिफाइन्ड. बंद दिवस तुटक रेघेने जोडले जातात. मला हेच पटतं. मात्र डेटाबेसमधून बंद दिवसांची तारीखच येत नसेल तर हे सगळं व्यर्थ. आधी तारखा सलग भरून घ्या.

अंक देवनागरीत हवेत? ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोकेल’ (भाषा-प्रदेश) म्हणून मराठी-भारताचा कोड द्या. अक्षावर आणि टूलटिपमध्ये १,२५,००० असं लाखाच्या स्वल्पविरामासकट येतं. डेटा मात्र साधा नंबरच ठेवा. देवनागरी अंकांची स्ट्रिंग जावास्क्रिप्ट नंबर म्हणून वाचत नाही.

चार्ट कॅनव्हासवर, म्हणजे पानावरच्या चित्र काढायच्या चौकटीत रंगतो, त्यामुळे फॉन्ट उशिरा पोचला तरी आधीची अक्षरं तशीच राहतात. ‘डॉक्युमेंट-फॉन्ट्स-लोड’ला आकारासकट मुक्ता फॉन्टचं नाव द्या आणि दुसऱ्या जागी ‘कांदा’सारखा एखादा मराठी शब्द. तो न दिल्यास गूगल फॉन्ट्सवरून लिपीवार तुकड्यांत येणाऱ्या या फॉन्टचा देवनागरी तुकडा उतरेलच असं नाही. मग चार्ट बांधा.

शेतकरी हे मोबाइलवर बघणार. कॅनव्हासभोवती ठरावीक उंचीचा, ‘रिलेटिव्ह’ पोझिशनचा डिव्ह ठेवा आणि ‘मेंटेन-आस्पेक्ट-रेशो’ फॉल्स करा. ‘इंटरॲक्शन’चा मोड ‘इंडेक्स’ आणि ‘इंटरसेक्ट’ फॉल्स केला की बोट कुठेही टेकलं तरी त्या दिवसाची आवक आणि भाव एकदम दिसतात.

लाल कांद्यावरून उन्हाळ कांद्यावर जाताना नवा चार्ट नको. डेटा बदला आणि ‘अपडेट’ बोलवा. नवाच बांधायचा असेल तर जुना आधी ‘डिस्ट्रॉय’ करा, नाहीतर कॅनव्हास वापरात असल्याची एरर येते.