१८९८ ची अमेरिका: उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘अमेरिकेने स्पेनचा पराभव करून फिलिपिन्सला मुक्त केले.’ उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य आलं की माझं डोकं उठतं. एकदा एका बॅचमधल्या निम्म्या मुलांनी ते शब्दाला शब्द लिहिलं होतं. कुठल्याशा एकपानी नोट्सची कृपा. त्यातल्या एकाला फळ्याशी बोलावलं आणि तारखा एकाखाली एक लिहायला लावल्या.

१२ जून १८९८: फिलिपिनो क्रांतीचा नेता आगिनाल्दो याने कावित गावात स्वातंत्र्य जाहीर केलं. १३ ऑगस्ट: मनिलाची लढाई, तीही आधी ठरवून केलेली. बेल्जियमच्या वाणिज्यदूतामार्फत अमेरिकेची स्पॅनिश गव्हर्नरशी बोलणी झाली होती. थोडा तोफांचा आवाज, मग पांढरं निशाण, आणि शहराला वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैन्याला आत पाय ठेवू द्यायचा नाही. वॉशिंग्टनमध्ये आदल्याच दिवशी युद्धबंदीवर सह्या झाल्या होत्या, पण समुद्राखालची तार तोडलेली असल्याने मनिलाला पत्ताच नाही. १० डिसेंबर: पॅरिसचा तह. स्पेनला २ कोटी डॉलर देऊन बेटं अमेरिकेकडे. फिलिपिनो प्रतिनिधीला बैठकीत घेतलंच नाही. ४ फेब्रुवारी १८९९: त्याच मनिलात अमेरिकन आणि फिलिपिनो एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले.

पोरगा फळ्याकडे बघत म्हणाला, “सर, मग मुक्त कोणाला केलं?”

हे दुसरं, अमेरिकन-फिलिपिनो युद्ध संपल्याचं अमेरिकेने जाहीर केलं ते १९०२ मध्ये. उत्तरात ते नसेल तर मी सरळ गुण कापतो, कोणी कितीही हुज्जत घातली तरी. नोट्स उघडण्याआधी कोऱ्या कागदावर तारखा मांडायच्या, ही माझी जुनी खोड. घाईवाल्यांना ती कंटाळवाणी वाटते. वाटू दे.

बाकीच्या चुका पटापट.

‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका १५ फेब्रुवारी १८९८ ला हवानाच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली. ‘स्पेनने बुडवली’ असं लिहू नका, ते कधीच सिद्ध झालं नाही. १९७६ च्या अमेरिकी ॲडमिरल रिकोव्हर यांच्या तपासाने तर बोट जहाजाच्या आतल्या कारणाकडेच दाखवलं.

हवाई स्पेनकडून जिंकलेलं नाही. तिथे १८९३ मध्येच साखरवाल्या गोऱ्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं होतं, अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना. अध्यक्ष क्लीव्हलंडने अमेरिकेतलं विलीनीकरण अडवलं, पुढचे अध्यक्ष मॅकिन्लीच्या काळात १८९८ मध्ये ते झालं.

टेलर दुरुस्तीमुळे (क्युबा बळकावणार नाही, हे अमेरिकी काँग्रेसचं वचन) क्युबा अमेरिकेत सामील झाला नाही, इथवर सगळ्यांना येतं. १९०१ ची प्लॅट दुरुस्ती (क्युबात हस्तक्षेपाचा आणि नाविक तळांसाठी जागा घेण्याचा अमेरिकेचा हक्क) मात्र हमखास गाळतात, आणि मग क्युबातला ग्वांतानामोचा अमेरिकी तळ कुठून आला ते सांगता येत नाही.