वीज वितरणाच्या कामात नवीन आहात? आधी टोकाचं व्होल्टेज मोजा

या क्षेत्रात येणारे बरेच जण स्मार्ट ग्रिड आणि बॅटरीच्या गप्पांपासून सुरुवात करतात. मी त्यांना भर दुपारी एखाद्या एलटी लाइनच्या (घरांना वीज देणाऱ्या लो टेन्शन लाइनच्या) शेवटच्या खांबापाशी मीटर घेऊन पाठवतो.

ट्रान्सफॉर्मरपासून लांब जावं तसं व्होल्टेज पडतं, हे आपण घोकलेलं असतं. टॅपही (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) त्याच हिशेबाने चढवून ठेवलेला. पण टोकाकडच्या छपरांवर सोलर आलं की दुपारी वीज उलटी वाहते आणि तिथलंच व्होल्टेज सर्वांत वर जातं. जाऊन-येऊन 0.5 ओहम रोध असलेल्या सिंगल फेज लाइनमधून 230 व्होल्टला 5 किलोवॅट उलटे आले, तर साधारण 11 व्होल्ट चढतात. अशी दोन-तीन घरं एकाच फेजवर असली की चढलेल्या व्होल्टेजमुळे सोलरचे इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारी यंत्रं) ट्रिप होतात आणि तक्रार येते, "पॅनेल खराब आहे." टॅप उतरवला, तर संध्याकाळी तेच टोक मंद. म्हणून आधी घरं तिन्ही फेजवर वाटून बघा. इन्व्हर्टरला रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता लाइनमध्ये ये-जा करणारी पॉवर) ओढायला लावणं हाही उपाय आहे, पण एलटीत रोध जास्त आणि रिअ‍ॅक्टन्स (एसी प्रवाहाला होणारा चुंबकीय अडथळा) कमी, त्यामुळे पुस्तकात वाटतो तेवढा गुण येत नाही.

दुसरा चकवा निव्वळ लोडचा. फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य लाइनवर) 3 मेगावॅट दिसतात. खरी मागणी 5, वरचे 2 सोलर देतंय. फीडर ट्रिप होऊन परत चार्ज केला की सोलर लगेच येत नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या 1547-2018 मानकात इन्व्हर्टरने थांबायची मूळ सेटिंग 300 सेकंद आहे. तेवढा वेळ पूर्ण 5 मेगावॅट तुमच्या अंगावर. लोड दुसऱ्या फीडरवर टाकताना मीटरचा आकडा धराल, तर तोही फीडर जाईल.

शटडाऊनमध्ये (कामासाठी लाइन बंद ठेवताना) "इन्व्हर्टर आपोआप बंद होतो" यावर विसंबू नका. लाइनमध्ये वीज नाही हे तपासा, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. यात घासाघीस नाही.

ओपनडीएसएस आणि पँडापॉवर ही वीज-जाळ्याचं मॉडेल करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, जरूर शिका. मात्र कुठलं घर कुठल्या फेजवर, ही नोंद बऱ्याचदा चुकीची असते आणि मग मॉडेलचं उत्तरही तसंच येतं. ती नोंद दुरुस्त करायला लाइनमनसोबत खांबाखांबाने फिरावं लागतं. हे काम कोणी मागून घेत नाही, तुम्ही घ्या.