बासचं सामान घेतलंय? मग मरळीकडे वळा, पण या चुका टाळा

दर पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "खडकवासल्याला बास लागतो का हो?" विचारणाऱ्याच्या हातात नवाकोरा सात फुटी रॉड असतो, पेटीत रबरी बेडूक आणि किडे असतात आणि मोबाइलमध्ये अमेरिकेतल्या कुठल्याशा तळ्यावरचे व्हिडिओ असतात. उत्तर एका शब्दात: नाही. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेचा मासा, पुण्याच्या धरणांत तो नाही. हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तो व्हिएतनामकडचा पंगास, मिशीवाल्या माशांच्या कुळातला. आणि ज्याला इंग्रजीत सी बास म्हणतात तो आपला जिताडा, खाडीचा राजा. तिघांचं नातं नावापुरतंच.

आणि कुणी हौसेने तो आणून सोडायच्या फंदात पडू नका. जपानने 2005 साली लागू झालेल्या कायद्याने बासला उपद्रवी परकी प्राणी ठरवलं. गंमत म्हणजे 1932 साली अमेरिकेतल्या जॉर्जियात पकडलेल्या सुमारे दहा किलोच्या विक्रमी बासची बरोबरी झाली तीही जपानमध्येच, 2009 साली, बिवा सरोवरात. परका मासा एकदा पाण्यात रुळला की तो आपलं ऐकत नाही. चिलापी, म्हणजे तिलापिया, 1952 साली देशात आणली गेली. आज उजनीच्या काठावर कुणाच्याही पाटीत डोकावून बघा.

मग ते सगळं सामान वाया गेलं का? अजिबात नाही. आपल्याकडे मरळ आहे. बाससारखीच दबा धरून बसणारी, गवताच्या कडेला राहणारी, बेडूक दिसला की पाणी फोडून वर येणारी. बासचा रॉड, बासचा बेडूक, बासची रबरी गांडुळं, सगळं तिला चालतं. चालत नाहीत त्या व्हिडिओतून उचललेल्या सवयी.

बेडकावर पाणी फुटलं की लगेच झटका देणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी हीच घेतो. मी स्वतः एक अख्खा हंगाम या चुकीत घालवला. भिगवणच्या अलीकडे, उजनीच्या फुगवट्याला, वेड्या बाभळींच्या मधल्या पाण्यात बेडूक सरकवत होतो. पाणी 'भडाम' करून फुटलं, मी रॉड मागे खेचला, आणि बेडूक गोळीसारखा माझ्या कानाजवळून मागे गेला. पाच वेळा. काठावर एक भोई मामा जाळं सोडवत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "सायेब, घाई हाय का कुठं जायची?" मग म्हणाले, "आवं, तिला गिळू तर द्या. तुमी तिच्या तोंडातला घास काढून घेताय."

मरळ बऱ्याचदा बेडकाला आधी मारते, मग तोंडात घेते, मग वळते. पाणी फुटलं म्हणजे बेडूक आत गेला असं नाही. करायचं ते एवढंच: पाणी फुटलं की हात थांबवा, रॉडचं टोक पाण्याकडे खाली न्या, ढिला दोरा गुंडाळून घ्या, आणि हाताला वजन जाणवलं की मगच दोन्ही हातांनी जोरात उचला. वजन जाणवलंच नाही तर बेडूक तिथेच पडू द्या, थोडा थरथरवा. चवताळलेली मरळ पुन्हा येते.

थांबूनही सुटतेय? मग बेडूक हातात घेऊन नीट बघा. पोकळ रबराच्या बेडकाला पाठीवर दोन गळ असतात आणि त्यांची टोकं अंगाला अगदी चिकटून असतात, गवतात अडकू नये म्हणून. नव्या बेडकात ती कधी कधी इतकी दडलेली असतात की माशालाही अडकत नाहीत. पक्कडीने दोन्ही गळ किंचित बाहेर आणि वर उघडा. किंचित म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं. अंगठ्याने पोट दाबून बघा, टोकं सहज वर आली पाहिजेत. दोन्ही शेपट्या लांब असतील तर कात्रीने थोड्या छाटा, नाहीतर मरळ नुसतं शेपटीला धरते. आणि पाच-सहा फेकींनंतर बेडूक पिळून पाणी काढा. पाणी भरलेला बेडूक बुडून चालतो, आणि आपण म्हणत बसतो की आज मासाच नाही.

मऊ रॉड, बारीक तंगूस

रोहू-कटल्याच्या सवयीचे लोक इथे फसतात. कणकेच्या गोळीला किंवा पेंडीला लवचिक रॉड आणि साधी तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, उत्तम. मासा ओढतो, रॉड झुकतो, तो दमतो. मरळीचं तसं नाही. तोंड हाडाचं, कडक. गळ आत रुतायला जोर लागतो. शिवाय लागल्यावर ती पहिल्या दोन सेकंदांत जलपर्णीच्या मुळांत शिरते, आणि ताणणारी तंगूस तिला ते दोन सेकंद देते. इथे विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, तीस ते पन्नास पौंडांचा, आणि ताठ रॉड पाहिजे.

पण ब्रेड घेतला की नवी भानगड सुरू होते. मासा लागतो, रीळ फिरतं, आणि दोरा येतच नाही. सगळे ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरा किती जोरावर सुटायचा ते ठरवणारी रिळाची कळ, घट्ट करत सुटतात. ड्रॅगचा दोष नसतो. दोराच रिळाच्या पिंपावर गोल फिरत असतो, कारण गुळगुळीत धातूवर ब्रेड पकड घेत नाही. खाली आधी दहा-पंधरा वेढे साधी तंगूस गुंडाळा, तिला गाठ मारून वर ब्रेड चढवा. हे दुकानदाराने करून द्यायला हवं खरं तर. मला एकाने करून दिलं नव्हतं, आणि वरसगावच्या पाण्यावर मी अर्धा तास रिळाला शिव्या देत बसलो होतो.

ड्रॅग घरीच लावून जा. बॅग तोलायचा हुकवाला काटा असतो ना, तो दोऱ्याच्या टोकाला बांधून ओढा. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश जोरावर रीळ सरकलं पाहिजे. तीस पौंडांच्या दोऱ्याला साडेतीन-साडेचार किलो. दाट गवतात थोडा घट्ट चालेल. घरी आल्यावर मात्र ड्रॅग ढिला करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात.

गाठ मारताना थुंकी लावा. हसू नका, कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तंगूस तापते आणि तिथेच कमजोर होते. ब्रेडला पालोमार गाठ मारा. दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून घ्यायचा, साधी गाठ घालायची आणि उरलेल्या फासातून पूर्ण गळ बाहेर काढायचा, ती. अंधारातसुद्धा जमते.

रिळात पक्ष्याचं घरटं

व्हिडिओत सगळे वरच्या अंगाला बसणारं बेटकास्टिंग रीळ वापरतात, म्हणून नवखा तेच घेतो. पहिल्याच फेकीला रिळात दोऱ्याचं घरटं होतं आणि सकाळ ते सोडवण्यात जाते. कारण साधं आहे: आमिष हवेत मंदावतं, पिंप मात्र त्याच वेगात फिरत राहतं, आणि जास्तीचा दोरा आतल्या आत फुगतो. बाजूची बारीक चकती एवढी आवळा की आमिष लोंबतं सोडलं तर सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकल्यावर पिंप थांबेल. चुंबकाचा ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवा. अंगठा पिंपावर हलका. वाऱ्याविरुद्ध फेकू नका. तरीही जमत नसेल तर सरळ 2500 किंवा 3000 नंबरचं साधं स्पिनिंग रीळ घ्या. मला यात काही कमीपणा वाटत नाही.

स्पिनिंगवाल्यांची तक्रार वेगळी: दोऱ्याला पीळ पडतो, गुंता होतो. पिंप काठोकाठ भरू नका, दोन मिलिमीटर मोकळे ठेवा. आणि फेकल्यावर तारेची कडी हाताने बंद करा, हँडल फिरवून नाही.

मोठं पाणी बघून तिथेच उभं राहणं

पानशेतला गाडी लावली, समोर अथांग पाणी दिसलं, फेक मधोमध. मरळ तिथे नसते. ती हवेतूनही श्वास घेते, अधूनमधून वर येऊन घोट घेते आणि गुडुप होते. दहा मिनिटं गप्प बसून बघितलं तर कडेच्या गवतात, ओढ्याच्या तोंडाशी, बुडालेल्या झुडपांजवळ ती गोल वलयं दिसतात. फेक वलयाच्या पलीकडे टाका आणि वलयातून ओढत आणा. डोक्यावर टाकली तर ती पळते.

पावसाळ्याच्या तोंडाला, ओढ्यांना लाल पाणी आल्यावर, लोक चढणीच्या माशांमागे धावतात. तो मासा विणीसाठी वर चढत असतो, पोटात अंडी असतात. मी त्या दिवसांत गळ घरी ठेवतो. मरळीचंही तेच. पाण्यावर लालसर पिल्लांचा एक घोळका एकत्र हलताना दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात, आणि पिल्लांजवळ पडलेल्या कशावरही तुटून पडतात. त्यांना पकडणं सगळ्यात सोपं, म्हणूनच करू नये. राखण उठली की पिल्लं दुसरे मासे दुपारपर्यंत संपवतात.

गढूळ पाण्यात काळा किंवा गडद बेडूक, नाहीतर फिरत्या पात्याचा स्पिनर. मासा तेव्हा आवाजावर येतो. थंडीत पाणी निवळलं की लहान आमिष, सावकाश हात. रबरी गांडूळ टेक्सास पद्धतीने लावायचं, म्हणजे पुढे बंदुकीच्या गोळीसारखं शिसं आणि गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवलेलं. इथे एकच चूक होते, ते ओढण्याची. ते तळाशी पडू द्यायचं, जरा उचलायचं, परत पडू द्यायचं. बहुतेक वेळा मासा ते पडतानाच घेतो.

कुठे जावं, कुणाला विचारावं

पाणी सरकारी आहे म्हणून मासा फुकट, असं समजू नका. बहुतेक धरणांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, आणि त्यांचं पोट त्या पाण्यावर असतं. काठच्या वस्तीवर आधी विचारा, "दादा, गरी टाकली तर चालेल का? पावती कुणाकडे?" नव्वद टक्के भांडणं या एका प्रश्नाने मिटतात, आणि वर जागाही कळते. खडकवासल्याच्या एनडीएच्या बाजूला फिरकू नका, ती हद्द लष्करी आहे. देहूच्या डोहातले मासे देवाचे आहेत, तिथे गळ नाही. शहरातल्या मुळा-मुठेचा मासा मी खात नाही, कारण त्या पाण्यात काय जातं ते पुलावरून जाताना नाकाला कळतं.

महासीर, म्हणजे आपला खडस, चुकून लागला तर ओल्या हाताने धरा, तापल्या खडकावर आपटू नका, पाण्यातच गळ काढून सोडा. लोणावळ्याच्या वळवण धरणावर टाटांनी 1970च्या दशकापासून या माशाची पैदास चालवली आहे. इतकी वर्षं सांभाळलेला मासा फोटोपायी मरू नये. मरळीच्या तोंडात मात्र बोट घालू नका. दात बारीक असले तरी रक्त काढतात. लांब पक्कड खिशातच हवी, पेटीत नको.

मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं, वळवाचा वारा सुटला, की रॉड खाली ठेवा आणि गाडीत बसा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, आणि उघड्या काठावर तुम्ही त्याच्यासकट सगळ्यात उंच असता. आटलेल्या धरणाच्या कडेचा वाळलेला दिसणारा गाळही फसवा. वर खपली, खाली गुडघाभर चिखल. काठीने टोचून बघितल्याशिवाय पाय टाकू नका.

मेमध्ये गळ टाकण्यापेक्षा फिरायला जा, असं मी सांगेन. भाटघरचं पाणी उतरलं की कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, उजनीत पळसदेवचं. सगळे तिथे फोटो काढतात. मी मात्र भरल्या पाण्याच्या रेषेच्या जरा खाली काय आहे ते बघत चालतो: एखादा दगडी बांध, ओढ्याची वळणं, तोडायची राहून गेलेली बाभळीची खोडं. खोलातली पडकी घरं मरळीच्या कामाची नाहीत, मरळ उथळ पाण्याची. मोबाइलमध्ये माझ्याकडे अशा सव्वीस जागांचे फोटो आहेत, प्रत्येकात मागे एखादा विजेचा खांब किंवा टेकडी धरलेली, म्हणजे ऑक्टोबरात सगळं पाण्याखाली गेल्यावर अंदाज यावा. गेल्या वर्षी त्यातल्या अकराव्या जागेवर, दोन बाभळींच्या मधे, बेडूक टाकला. पाणी फुटलं. मी मनात "एक, दोन" म्हणालो आणि मग उचललं.