हार्ड डिस्क टकटक करू लागली तर आधी काय करायचं?

आधी कॉम्प्युटर बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून 'आता तरी दिसतेय का' हे बघू नका. बिघाडातून वाचलेला डेटा अशा खटपटीतच जातो.

डिस्कच्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. धुळीचा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून घरी झाकण उघडायचं नाही. चालू डिस्कला धक्का बसला की हेड तबकडीला घासू शकतं. टकटक आवाज म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाही. अशी डिस्क चालू ठेवली तर डेटा धरून ठेवणारा थरच खरवडून निघतो. मग कोणतंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. ती थेट क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या रिकव्हरी लॅबमध्ये द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय तर मुळीच नको, आत दव धरतं.

डिस्क अगदी गप्प असेल तर केबल आणि अडॅप्टर बदलून बघा. बाहेरून लावायच्या 3.5 इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात. तिला चुकून लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चार्जर लागला, की डिस्कच्या सर्किट बोर्डवरचा संरक्षक डायोड शॉर्ट होतो. यात तबकड्या बहुधा शाबूत असतात. पण त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड नुसता बसवून भागत नाही. जुन्या बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची जुळणी साठवलेली असते, तीही हलवावी लागते.

आवाज नाही, पण डिस्क रखडतेय? डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये 05, सी5 आणि सी6 या ओळी बघा. तिथले आकडे वाढत असतील तर सेक्टर, म्हणजे डेटा साठवणारे छोटे कप्पे, मरताहेत. फक्त सी7 वाढत असेल तर बहुतेक डेटा केबलचा दोष.

सेक्टर मरत असतील तर विंडोजचं दुरुस्तीचं साधन चेकडिस्क चालवू नका, ते खराब डिस्कवरच बदल लिहितं. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट कॉम्प्युटर सुरू होतो) डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची प्रत काढा. प्रतीसाठीची डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. कमांडमध्ये आधी खराब डिस्क, मग नवी, शेवटी मॅपफाईल, म्हणजे काय वाचून झालं याची नोंद. पहिल्या दोन्हींची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क डेटावर लिहिली जाईल, म्हणून एंटर दाबण्याआधी दोन्हींची क्षमता आणि सिरीयल नंबर ताडून बघा. पहिल्या फेरीत '-n' पर्याय द्या, म्हणजे अडलेल्या जागा सोडून सहज वाचता येणारं आधी हाती लागतं. त्या जागांवर दुसऱ्या फेरीत तीनदा प्रयत्न करा. मॅपफाईल असल्याने काम मध्येच थांबलं तरी पुढून चालू होतं.

पुढची सगळी शोधाशोध प्रतीवरच. पार्टिशन (डिस्कचा C:, D: सारखा भाग) हरवलं असेल तर टेस्टडिस्क, फायली उचलायच्या तर फोटोरेक हा प्रोग्रॅम वापरा. फोटोरेक मूळ नावं आणि फोल्डर मात्र परत देत नाही.

चुकून डिलीट झालेल्या फायलींचं वेगळं. त्या ड्राइव्हवर काहीही नवं लिहू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा दुसरीकडे टाका. एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेल्या जागा आपोआप साफ करणारी सोय) चालू असेल तर डिलीट केलेलं बहुधा मिळत नाही. तिथे वेळ न घालवता क्लाउड, जुना पेनड्राइव्ह, मेलमधल्या अटॅचमेंट तपासा.